धुतलेलं दुपटं

प्रिय खारूताई,

कुठलंही पत्र हाती आलं की तू आधी त्याचा शेवट वाचतेस, म्हणून तुझा शेवट मी सुरुवातीलाच देऊन टाकतो: बाळ आहे. बारा वाजता मला काचेतून बघू दिलं तेव्हा त्याची छाती वर-खाली होत होती, थोडी स्वतःच्या बळावर, बरीचशी यंत्राच्या. आता शहाण्या मुलीसारखी क्रमाने वाच. तू लोकांच्या घरांचे नकाशे काढतेस, तेव्हा पायाआधी छप्पर काढत नाहीस. बापाच्या पत्रालाही तेवढा मान दे.

सकाळी फोनवर मी तुला तीन वाक्यं सांगितली. ऑपरेशन झालं. बाळ झोपलंय. तू विश्रांती घे. तिन्ही वाक्यं व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती आणि तिन्ही मिळून एक खोटं होतं. तू विचारलंस, बाबा, सगळं ठीक ना? मी म्हणालो, हो गं, ठीकच. हा जो शेवटचा ‘च’ आहे ना, तो आपण खात्री असते तिथे लावत नाही, खात्री नसते तिथे लावतो. बत्तीस वर्षं संस्कृत शिकवून मला हे आज कळलं. फोनवर मला खोटं बोलता येतं. कागदावर बोलायला गेलो की माझीच तांबडी शाई आडवी येते. म्हणून कागद.

इथे शहरातल्या मोठ्या इस्पितळात मी बसलोय ती जागा सांगतो, म्हणजे तुला मी दिसेन. लांब बोळ, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला एकमेकींना जखडलेल्या पाच खुर्च्या. मधली डुगडुगते, म्हणून सगळे तिला टाळतात आणि शेवटी माझ्यासारखा नवखा तिच्यावर बसतो. डोक्यावर ‘शांतता राखा’ अशी पाटी, आणि पाटीच्या बरोबर खाली चहाचं यंत्र, जे दर पाच मिनिटांनी म्हशीसारखं हंबरतं. चहा म्हणून जे देतं त्याला मी अजून नाव दिलेलं नाही. समोर दोन झडपांचं दार आहे. त्या दारापलीकडे चिरंजीव. आपल्याकडे मुलाच्या नावाआधी ‘चि.’ लावायची पद्धत किती धोरणी आहे बघ. नाव ठरायच्या आधीच आशीर्वाद ठरलेला. त्याच्या पायाला बांधलेल्या पट्टीवर तुझं नाव आहे आणि पुढे ‘यांचे बाळ’. षष्ठी विभक्ती. सध्या तो एवढाच आहे: तुझा.

काल दुपारपर्यंतचं तुला माहीत आहे. परवा, सोमवारी, तो जन्मला तेव्हा मी त्याला उकडलेल्या बटाट्याची उपमा दिली आणि तू टाके घातलेल्या पोटाने माझ्यावर रागावलीस. उपमा मागे घेतो. काल तीनच्या सुमारास ठेंगण्या सिस्टर त्याला दूध पाजून खांद्यावर घेत होत्या तेव्हा त्याने त्यांच्या बाहीवर उलटी केली. त्या बाईंनी बाहीकडे पाहिलं आणि आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडल्या, “डॉक्टर, हिरवी!” तू घाबरून उठायला गेलीस, मी तुला म्हणालो, झोप, या बाईंना सगळ्याच गोष्टी मोठ्याने बोलायची सवय आहे. हे दुसरं खोटं. पहिलं पुढे येईल.

आपले मुलांचे डॉक्टर, ज्यांना तू शाळेतून पळून आलेला मुलगा म्हणतेस, ते धावत आले. मला वाटलं होतं, मुलं उलट्या करतातच. ते म्हणाले, काका, पांढरी केली तर करतात. पिवळट केली तरी मी एक वेळ थांबेन. हिरवी म्हणजे पित्त. पित्त आतड्यात मिसळतं ती जागा जठराच्या पुढे आहे, म्हणजे रस्ता तिथून पुढे कुठेतरी बंद आहे आणि गाडी मागे येतेय. मग त्यांनी फोटो काढायला लावला. तो चार बोटांचं पोट असलेला माणूस एका थंड पाटीवर निजला, आणि त्याच्या आतला भाग भिंतीवरच्या पडद्यावर आला. गणितात अज्ञात राशीला ‘क्ष’ म्हणतात. या किरणांना क्ष-किरण म्हणणारा माणूस फार प्रामाणिक असला पाहिजे.

फोटो मीही पाहिला. काळं म्हणजे हवा, पांढरं म्हणजे हाड, करडं म्हणजे बाकी सगळा माणूस. डॉक्टरांनी समजावलं: आतड्याची सुरुवातच बंद असेल तर दोन मोठे काळे फुगे दिसतात, एक जठराचा आणि एक त्याच्या शेजारचा. खाली कुठे बंद असेल तर फुगलेल्या वेटोळ्यांची उतरंड दिसते. यात दोन्ही नव्हतं. एक बेताचा फुगा आणि खाली हवेचे चार-दोन ठिपके. मी म्हणालो, म्हणजे काही नाही ना? ते म्हणाले, फोटोत काही नाही. मी लगेच सुटकेचा श्वास टाकून चहा मागवला, आणि तो शाळकरी मुलगा मला जे म्हणाला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. काका, फोटोला हवा दिसते, पीळ दिसत नाही. त्यांनी त्याच फोटोचा फोटो मोबाइलवरून इथल्या क्ष-किरणवाल्या डॉक्टरीणबाईंना पाठवला. उलट टपाली निरोप आला: फोटो चांगला आहे, बाळ पाठवा. तू म्हणशील, चांगला असेल तर कशाला पाठवायचं? मीही तेच म्हणालो. उत्तर देत कोण बसतो? पंधरा मिनिटांत बाळ काचेच्या पेटीत, पेटी गाडीत, आणि मी ड्रायव्हरभाऊंच्या शेजारी. तुझा निरोप नीट घेताही आला नाही. तू पेटीवर हात ठेवलास आणि सिस्टरांनी तो उचलला, तेवढं मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

दोन तास. मागे पेटीजवळ एक सिस्टर, पुढे आम्ही दोघं. मी दर मिनिटाला मान वळवत होतो. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, काका, मागं बघून बाळ बरं होत असतं तर मीच आरशात बघत गाडी चालवली असती. पुढं बघा, खड्डे सांगा. मग मी खड्डे सांगत आलो. माझ्या एवढ्या शिक्षणाचा काल कुणाला काही उपयोग झाला असेल तर तो एवढाच.

इथल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या आहेत, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज मुख्याध्यापिकेचा. मला त्यांनी पाहताक्षणी आजोबा केलं, आणि मी तो किताब मुकाट्याने घेतला. आधी त्यांनी त्याच्या पोटावर कोमट जेल लावून सोनोग्राफी केली. पडद्यावर अंधार आणि त्यात दोन रंग, तांबडा आणि निळा. पोटातल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या, म्हणाल्या, शेजारी शेजारी जायला हव्यात, दोघी बहिणी शाळेला निघाल्यासारख्या. इथे निळी तांबडीभोवती गरगर फिरत होती, पाण्यात भोवरा पडतो तशी. खारूताई, मला ते सुंदर दिसलं. अक्षरशः मनात आलं, काय सुंदर आहे हे. आयुष्यात कुठल्याही सौंदर्याची मला एवढी लाज वाटलेली नाही.

सर्जन घरून निघाले होते. त्यांनी वाटेतूनच सांगितलं, मी पोचेपर्यंत औषध घालून एकदा बघून ठेवा. नाकातून जठरात घातलेल्या बारीक नळीने एक पांढरं औषध सोडायचं आणि ते आतड्यातून कसं जातं ते चालत्या चित्रात बघायचं. बाळाला धरायला घरचं कुणी तरी हवं. घरचं म्हणजे मी. मला शिशाचा झगा घातला. तुझ्या बापाने जन्मात पहिल्यांदा चिलखत चढवलं आणि ते पाठीत वाकून. मी त्याचे दोन्ही हात कानांशी धरून डोकं स्थिर ठेवायचं, तंत्रज्ञाने गुडघे. बाई म्हणाल्या, आजोबा, तसूभरही तिरकं नको, दोन्हीकडच्या बरगड्या मला सारख्या दिसल्या पाहिजेत. आणि एकच संधी आहे. पहिला घोट जाताना जी रेघ उमटते तीच वाचायची. एकदा पुढची वेटोळी भरली की पांढऱ्यावर पांढरं चढतं, मग काही वाचता येत नाही. मी म्हणालो, पोरांच्या उत्तरपत्रिका मी अशाच वाचतो. त्या हसल्या नाहीत. माझ्या बोटाखाली त्याची टाळू उडत होती. ती सुद्धा एक गोष्टच आहे, माणसाच्या डोक्याला आधी दार ठेवलेलं असतं.

रेघ कशी जायला हवी ते मला नंतर कळलं, तुला आधीच सांगतो. जठरातून निघाली की उजवीकडे वळायची, खाली उतरायची, कण्याला ओलांडून डावीकडे यायची आणि तिथे वर चढून एका खुंटीला अडकायची. आतड्याची दुसरी खुंटी खाली उजवीकडे असते. या दोन लांबलांबच्या खुंट्यांमध्ये बाकीचं सगळं आतडं ऐसपैस टांगलेलं, म्हणून ते पिळलं जात नाही. खाली मी चित्र काढलं आहे. तुझ्या धंद्याचा अपमान होईल असं आहे, तरी बघ. जे वांग्यासारखं दिसतंय ते जठर. आपल्या बाळाच्या पोटात, आईच्या पोटात असतानाच, या दोन्ही खुंट्या जवळजवळ ठोकल्या गेल्या. कुणाची चूक नाही, तू काही खाल्लं म्हणून नाही, जिने चढलीस म्हणून नाही. मी तीनदा विचारून घेतलं, कारण तू मला तीनदा विचारणार. दोन्ही खुंट्या जवळ आल्या की सगळा भार एका अरुंद देठावर येतो, आणि तो देठ कधीही फिरू शकतो.

काल पडद्यावर ती रेघ उजवीकडे उतरली आणि कण्यापर्यंत आलीच नाही. उजवीकडेच खाली खाली गेली, वळसे घेत, बारीक होत होत, आणि संपली. मला वाटलं, माझा हात हलला, मी तिरकं धरलं. बाई म्हणाल्या, नाही, धरलंय अगदी सरळ. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, धुतलेला कपडा आपण पिळतो ना आजोबा, तसं आतडं पिळलंय. रक्त पोचत नाहीये. आणि फोन उचलून सर्जनना म्हणाल्या, पीळच आहे, थेट वर या.

मी भिंत धरली. त्यांना वाटलं, झगा जड झाला. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि कागदावर लिहिता लिहिता विचारलं, पहिली उलटी किती वाजता? मी म्हणालो, तीन. कागदावर तीन लिहिलंही गेलं. बाई दाराशी पोचल्या तेव्हा मी म्हणालो, सहा. सकाळी सहा. त्या वळल्या. मी म्हणालो, हिरवी होती. मी दुपटं धुतलं.

हे ते पहिलं खोटं. काल सकाळी सहा वाजता तू झोपली होतीस, दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचीस तशी. बाळ पाळण्यात होतं. त्याने आवाजही न करता मान वळवली आणि दुपट्यावर हिरवं आलं. शेवाळासारखं हिरवं. मी पाहिलं. मला नीट दिसलं. आणि माझ्या मनात डॉक्टर आले नाहीत, तू आलीस. आदल्या रात्रभर तू विचारत होतीस, बाबा, त्याला दूध पुरतंय ना, त्याला बाधत नाही ना? मला वाटलं, ही जागी होऊन हे बघेल आणि आपल्या दुधालाच दोष देईल. मी दुपटं बदललं, मोरीत नेलं, साबण लावला, चोळलं, घट्ट पिळलं आणि खिडकीच्या गजावर वाळत घातलं. नऊ वाजता डॉक्टर फेरीला आले. उलटी वगैरे? तू जागी होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस. मी म्हणालो, जरासं दूध आलं बाहेर, पांढरंच. इथेही तो ‘च’ होता. ते पुढच्या खाटेकडे गेले. सहा ते तीन. नऊ तास.

ही माझी जुनी सवय आहे, आणि तिचं मूळ तुझ्यात आहे, हे दोष म्हणून नाही सांगत. तू पाच वर्षांची होईपर्यंत अंथरूण ओलं करायचीस. तुझी आत्या तेव्हा आपल्याकडे राहायची आणि तिची जीभ तुला माहीत आहे. मी पहाटे उठून, कुणी पाहायच्या आत, चादर धुऊन गच्चीत टाकायचो. तुझ्या आईला सुद्धा महिनोन्‌महिने पत्ता नव्हता. मला त्याचा अभिमान होता. मग ती सवय चादरीवर थांबली नाही. तुझ्या आईच्या छातीचा शेवटचा फोटो आला तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस, परीक्षा दोन आठवड्यांवर होती. ते मोठं पिवळं पाकीट मी जाड शब्दकोशाच्या मागे ठेवलं, कारण त्या घरात त्या कोशाला हात लावणारा मी एकटाच होतो. परीक्षा संपायच्या आधी आई संपली. ते पाकीट तुला सापडलं, वर्षभराने. तू रडली नाहीस, ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, बाबा, मला बघायचं होतं. मी तेव्हा काही तरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे ते भिकार असणार.

बाईंनी माझं ऐकून घेतलं. तीनवर काट मारून सहा लिहिलं. मला वाटलं, आता कानउघाडणी होईल, आणि खरं सांगतो, मला ती हवी होती. त्या म्हणाल्या, दुपटं धुवायचं नसतं, आजोबा, दाखवायचं असतं. बस्स. आणि बाळ घेऊन गेल्या. नंतर मी सर्जनना गाठून विचारलं, नऊ तास आधी आलो असतो तर? त्यांनी मला बरं वाटेल असं काही तरी सांगावं अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, सांगता येत नाही. पीळ कधी घट्ट झाला ते बाळालाच माहीत. माझ्या जागी तुझी आत्या असती तर तिने त्यांच्याकडून ‘काही फरक पडला नसता’ एवढं वदवून घेतल्याशिवाय त्यांना सोडलं नसतं. मी सोडलं. सांगता येत नाही. हे वाक्य मी तुला जसंच्या तसं देतोय, त्यावर साबण न लावता. तू माझ्यावर रागावू शकतेस. रागावलीस तर मला हलकंच वाटेल. आणि नाही रागावलीस तर काय करायचं ते मला माहीत नाही.

आता ऑपरेशन. फोनवर मी ‘झालं’ म्हणालो ते अर्धं खरं आहे. अर्धं झालं. काल रात्री आठ वाजता नेलं, पावणेदहाला सर्जन बाहेर आले. बारकेसे गृहस्थ, पायात कुठल्या तरी दुसऱ्याच माणसाच्या मोठ्या सपाता. आतडं तीन वेढे फिरलेलं होतं. त्यांनी ते उलट फिरवून सोडवलं. सोडवलं तेव्हा रंग काळा-जांभळा होता. मग गरम ओल्या फडक्यात गुंडाळून वाट बघत उभे राहिले. मला हे फार आवडलं, की तिथे आत सुद्धा, एवढ्या दिव्यांखाली, एवढ्या हत्यारांसह, शेवटी माणसं फडक्यात गुंडाळून वाटच बघतात. सुरुवातीचा थोडा भाग गुलाबी झाला. शेवटचाही थोडा झाला. मधला मोठा भाग असा, म्हणाले, आणि हाताचा पंजा आडवा धरून इकडून तिकडे हलवला. काळा नाही, गुलाबी नाही. जगेल की नाही ते आत्ताच ठरवलं तर चूक होईल. म्हणून काही कापलं नाही, तसंच ठेवून पोट तात्पुरतं बंद केलं आहे. उद्या सकाळी नऊ वाजता पुन्हा उघडून बघणार. तोवर औषधं, यंत्र, सलाईन, आणि डुगडुगणारी खुर्ची.

आज सकाळी मी डॉक्टरीणबाईंना पुन्हा भेटायला गेलो. म्हटलं, तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत, उद्यापर्यंत थांबण्यापेक्षा अजून एक फोटो काढून बघा ना, आत रंग परत येतोय का? त्यांनी पहिल्यांदाच चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, जणू मी एखादी अवघड फिल्म आहे. म्हणाल्या, आजोबा, माझ्या चित्रांना आकार कळतो. मेलंय का जिवंत आहे हे खात्रीने सांगणारं चित्र असतं, तर काल मी तुम्हाला पाणी देत बसले नसते. मग त्यांनी मला चहा दिला, खरा, घरून आणलेला. त्यांच्या पाठीमागच्या पडद्यावर दुसऱ्याच कुणाच्या तरी बाळाचं पोट होतं, आणि मी, निर्लज्जासारखा, त्यात खुंट्या शोधत होतो. होत्या. लांब लांब, जिथल्या तिथे. मला त्या बाळाचा क्षणभर हेवा वाटला.

जावईबापू बोटीवर आहेत, त्यांच्याशी फोनवर बोललो. बोट बंदराला लागणार शनिवारी. माझा शब्द तिकडे पोचायला दोन सेकंद आणि त्यांचा इकडे यायला दोन, त्यामुळे आम्ही दोघंही सारखे एकमेकांच्या अंगावर बोलत होतो. मी त्यांना सगळं सांगितलं, दुपट्यासकट. मग ते म्हणाले, तिला कळलंय का? मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, तिला सांगा, आणि ती म्हणेल ते माझं. जावई म्हणून मी त्यांना आजवर जी काही नावं ठेवली असतील ती मागे घेतो. जेवताना पेपर वाचतात एवढं एक सोडून.

आता हे पत्र का ते. अकरा वाजता सर्जन माझ्यापाशी येऊन बसले, सपाता काढून. म्हणाले, उद्या पोट उघडल्यावर मधला भाग सुधारलेला असेल तर प्रश्नच नाही. थोडा गेला असेल तर तेवढा काढू, उरलेल्यावर मूल वाढतं, वेळ लागतो. पण सगळाच गेला असेल, तर दोन रस्ते आहेत. एक, सगळं काढायचं आणि त्याला वर्षानुवर्षं शिरेतल्या नळीवर जगवायचा प्रयत्न करायचा. त्यात दुखणी फार, पार पडणारी मुलं थोडी. दुसरा, काही न कापता पोट बंद करून त्याला दुखू न देता आईच्या कुशीत द्यायचं. त्या वेळी बाहेर येऊन विचारायला वेळ नसेल, म्हणून आज विचारतोय. सही कोण करणार? माझ्या खिशात पेन होतं, टोपण काढलेलं होतं, आणि तुझी झोपमोड नको, हे कारणही तयार होतं. मी टोपण लावलं आणि म्हणालो, त्याची आई. तुझ्या डॉक्टरांना विचारलं आहे. टाके सांभाळून, आडवं पडून, प्रवास करायला त्यांची हरकत नाही. हे पत्र तुझ्या हातात देऊन ड्रायव्हरभाऊ तुला आणायला गाडीसह दाराबाहेर उभे आहेत. त्यांना सांगितलंय, घाई करू नका, ती वाचते आहे. मला माझं मत आहे, ते मी इथे लिहिणार नाही. तू समोर बसून विचारलंस तर सांगेन, नाही विचारलंस तर नाही. उत्तर उद्या आठपर्यंत द्यायचंय. पण संध्याकाळी सहा ते सात आईला आत सोडतात, आणि पेटीच्या झरोक्यातून हात घालून डोक्यावर ठेवू देतात. आधी त्याला भेट. मग ठरव.

तुझाच,
काचेच्या अलीकडे उभा असलेला,
बाबा